ऑपरेशननंतरच्या उलट्या आणि पायातल्या मुंग्या

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत रोज उलट्या होत असतील आणि त्यातच पायांना मुंग्या यायला लागल्या असतील, तर त्याने उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावं आणि दारात शिरल्याबरोबर सांगावं की माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. हा लेख मी या एका गोष्टीसाठी लिहिते आहे. पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण.

मी न्यूरॉलॉजिस्ट, पुण्यात प्रॅक्टिस करते. माझे पेशंट अर्धांगवायू, फिट, कंपवात, डोकेदुखी यांचे. लठ्ठपणाशी माझा तसा थेट संबंध येत नाही. पण ही ऑपरेशनं आता पुण्या-मुंबईबाहेर नाशिक, नागपूर, कोल्हापूरलाही होतात, आणि त्यातले थोडे पेशंट नंतर माझ्या ओपीडीत येऊन बसतात. तक्रार पायांची असते, म्हणून सर्जनकडे जायचं त्यांना सुचत नाही. पोट आणि पाय यांचा काही संबंध असेल हे कुणी त्यांना नीट सांगितलेलंच नसतं. पुष्कळदा मीच विचारते, 'आधी कधी काही ऑपरेशन?' तेव्हा कुठे 'हो, ते बारीक व्हायचं झालंय' हे उत्तर मिळतं.

एका बाईंबद्दल सांगते. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. वय तिशीचं, तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी. वजन सव्वाशे किलोच्या घरात, मधुमेह, गुडघे दुखून जिने चढणं बंद. स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून अरुंद करण्याचं, ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, वजन झपाट्याने उतरलं, घरात सगळे खूश. साधारण महिन्याभराने घास खाली जाईना. दोन चमचे मऊ वरणभात पोटात गेला की उलटी. शेजारणीपासून माहेरच्यांपर्यंत सगळ्यांचं म्हणणं एकच: पोट लहान केलंय, आता उलट्या होणारच. सर्जनचं गाव लांब, त्यामुळे फोनवर उलटीची गोळी मिळाली. व्हिटॅमिनच्या मोठ्या गोळ्याही उलटून पडायच्या, म्हणून त्या बंद केल्या. पेज, नारळपाणी आणि इलेक्ट्रॉलवर तिने जवळजवळ तीन आठवडे काढले. अशक्तपणा वाढला तसं जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, ते ग्लुकोजचं. त्यानंतर दोन दिवसांत तिला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या आणि बसल्या जागेवरून उठता येईना.

व्हीलचेअरवरून आली तेव्हा सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, पायांचं नंतर बघा. ही आता काहीही सांगायला लागलीय. सकाळी काय खाल्लं विचारलं तर पुरणपोळी म्हणते. आमच्या घरात महिनाभर पुरण शिजलेलं नाही." मी त्यांना म्हटलं, "काकू, ती खोटं बोलत नाहीये. आठवणीत जिथे मोकळी जागा पडते तिथे मेंदू आपल्या मनाने काहीतरी भरतो. तिला ते खरंच वाटतंय."

मी तिला माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं. बोट बाजूला नेलं, तर डोळे कडेला पोचण्याआधीच अडले आणि फडफडू लागले. मग ट्यूनिंग फोर्क घेतला. हा स्टीलचा दुपाखी चिमटा ठोकला की सेकंदाला १२८ वेळा कंप पावतो, आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला की निरोगी तरुण माणसाला ती गुणगुण बराच वेळ जाणवते. "कंप थांबला की सांगा," म्हटलं. ती गप्प. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सुरू झाला का?" घोट्यावर ठेवला, तिथेही काही नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाली, "हां, आता कळतंय."

एमआरआयला पाठवण्याआधी तिच्या शिरेतून थायमिन, म्हणजे बी-वन व्हिटॅमिन, सुरू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोळे बरेचसे फिरू लागले. पायांना काठीशिवाय चालायला कित्येक महिने लागले. नवीन गोष्टी लक्षात ठेवणं पूर्वीसारखं झालेलं नाही. ती बँकेत परत गेली, पण कॅशच्या काउंटरवर बसत नाही.

आता हे होतं कसं, ते पाहू. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढतात. उरते ती अरुंद नळी, जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटरची. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यांना वळसा घालून जातं. या दुसऱ्या ऑपरेशनची सुरुवात अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जनने १९६६ मध्ये केली. दोन्हींत भूक मरते, खाणं कमी होतं, आणि बायपासमध्ये जे खाल्लं त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. वजन यामुळेच उतरतं. पण शरीराला चरबी नको झाली म्हणून व्हिटॅमिन नको झाली असं होत नाही.

घरातली माणसं इथेच फसतात. "अंगावर एवढं मांस आहे, महिनाभर कमी जेवली तर काय बिघडतंय?" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. चरबीत ऊर्जा साठते, बी-वन साठत नाही. सगळ्या शरीरात मिळून थायमिनचा साठा २५ ते ३० मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज एक-सव्वा मिलिग्रॅमची. बाहेरून काहीच आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो. आणि ज्याचं वजन शंभराच्या वर आहे तो आधीपासून नीट पोसलेला असतो, हाही गैरसमज. मैदा, साखर, पॉलिशचा तांदूळ यावर वाढलेल्या वजनाचा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर जातानाच व्हिटॅमिनांच्या बाबतीत रिता असू शकतो.

थायमिनचं काम ग्लुकोजपासून ऊर्जा काढण्याचं. मेंदू आणि नसा जवळजवळ सर्वस्वी ग्लुकोजवर चालतात, म्हणून पहिली झळ त्यांना लागते. त्यातही कमरेपासून पावलापर्यंत जाणारे चेतातंतू शरीरात सर्वांत लांब, काहींची लांबी मीटरभर. त्यांची टोकं आधी सुकतात. म्हणून मुंग्या, जळजळ, बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढतो. आणि अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर ते ग्लुकोज जाळण्यात उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं. दोन दिवसांपूर्वी ज्याला फक्त मुंग्या होत्या त्याचे डोळे अडतात, तोल जातो, भान हरपतं. याला वेर्निकेचा आजार म्हणतात.

हा आजार दारू पिणाऱ्यांचा, असं आमच्याही मनात इतकं बसलंय की दारूला कधी न शिवलेल्या बाईच्या बाबतीत तो चटकन सुचत नाही. पण कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये जे तीन पेशंट नोंदवले, त्यांतले दोन दारुडे पुरुष होते आणि तिसरी होती वीस वर्षांची एक शिवणकाम करणारी मुलगी. तिने जीव देण्यासाठी सल्फ्युरिक अॅसिड प्यायलं होतं. त्यातून ती वाचली, पण जठराचं तोंड आवळलं गेलं आणि उलट्या थांबेनात. मग डोळे अडले, चाल बिघडली, गुंगी चढत गेली. ती गेली. बिघडलेलं जठर, न थांबणाऱ्या उलट्या आणि मग मेंदू: आज आम्ही ऑपरेशननंतर जे बघतो ते सगळं या आजाराच्या पहिल्याच नोंदीत आहे. मला ही मुलगी पाठ्यपुस्तकात वाचल्यापासून विसरता आलेली नाही. त्या वेळी थायमिन नावाची वस्तूच कुणाला ठाऊक नव्हती. पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सुधारतात, हे क्रिस्तियान आइकमान यांनी जावा बेटावर दाखवलं ते त्यानंतरच्या दशकात. थायमिन शुद्ध स्वरूपात हाती आलं १९२६ मध्ये. तिला वाचवणं कुणाच्याच हातात नव्हतं. आज ते आहे.

वजनाच्या ऑपरेशननंतर वेर्निकेचा आजार झालेल्या ८४ पेशंटच्या नोंदी नॉर्वेतले डॉक्टर एर्लेंड ओसहाइम यांनी २००८ मध्ये एकत्र केल्या. त्यांतले ९४ टक्के ऑपरेशननंतर सहा महिन्यांच्या आत रुग्णालयात आले होते. ९० टक्के जणांना वारंवार उलट्या होत होत्या. आणि जवळजवळ निम्मे पूर्ण बरे झाले नाहीत. हा शेवटचा आकडा मला फार टोचतो, कारण औषध साधं आहे, सहज मिळणारं आहे, आणि वेळेवर दिलं तर बहुतेक नुकसान टळतं.

वेळेवर म्हणजे रिपोर्टची वाट न बघता. रक्तातलं थायमिन मोजणारी तपासणी सगळीकडे होत नाही, बाहेरगावी पाठवावी लागते, आणि तिचा निकाल येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. डोळे, तोल आणि भान ही तिन्ही लक्षणं एकाच वेळी फार थोड्या जणांत दिसतात. एखादंच दिसलं आणि मागे ऑपरेशन व उलट्यांचा इतिहास असला, तरी उपचार सुरू करायचा. मोठ्या मात्रेत, बहुतेक ठिकाणी ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, शिरेतून. उलट्या होणाऱ्याच्या पोटात गोळी टिकत नाही, त्यामुळे गोळीचा उपयोग नाही. आपल्याकडे लोकप्रिय असलेलं 'ताकदीचं पिवळं सलाईन' यासाठी पुरत नाही, त्यातली थायमिनची मात्रा फार कमी असते. शरीरात मॅग्नेशियम कमी पडलेलं असेल तर तेही भरून काढावं लागतं, नाहीतर थायमिन काम करत नाही.

पुण्यातल्या वाचकांना आणखी एक सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली आणि जीबीएस हा शब्द घराघरात पोचला. पायातली ताकद काही दिवसांत गेली की आता नातेवाईकच विचारतात, "मॅडम, जीबीएस तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. पण थायमिन संपल्यावर पाय लुळे पडतात ते अगदी जीबीएससारखे दिसू शकतात. तसेच झपाट्याने, तसेच दोन्ही पायांत, गुडघ्यावर हातोडी मारली तर तसाच प्रतिसाद नाही. मग पाठीतलं पाणी तपासतात, नसांची तपासणी करतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन या जीबीएसवरच्या काही लाखांच्या औषधाची जुळवाजुळव सुरू होते. ज्याचं वजनाचं ऑपरेशन झालंय त्याला ते सगळं करताना पहिल्या तासात थायमिन द्यायला काहीच हरकत नसते. जीबीएस असेल तर त्याने बिघडत नाही, नसेल तर पाय वाचतात.

बी-१२ ची चाल वेगळी. थायमिन म्हणजे खिशातली रोकड, तर बी-१२ म्हणजे मुदत ठेव. यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून ऑपरेशननंतर पहिली दोन-तीन वर्षं सगळं ठीक वाटतं, आणि याच काळात माणूस गोळ्या सोडतो. अन्नातून बी-१२ सुटं व्हायला जठरातलं अॅसिड लागतं, आणि पुढे आतड्यात ते शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. जठर कापलं की दोन्ही घटतात. त्यावर वर्षानुवर्षं अॅसिडिटीची गोळी चालू, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. ही दोन्ही औषधंही बी-१२ कमी करतात.

आणि आपली मुदत ठेव मुळातच लहान असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६७ टक्के जणांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं, खेड्यातल्या आणि झोपडपट्टीतल्या पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे ज्या वर्गात ही ऑपरेशनं होतात तोच वर्ग सर्वांत तुटपुंजा साठा घेऊन टेबलावर जातो. शाकाहार हे त्याचं मोठं कारण. मी शाकाहार सोडा असं कुणाला म्हणत नाही. इंजेक्शन घ्या असं मात्र ठासून सांगते.

बी-१२ कमी पडल्याची लक्षणं हळूहळू येतात. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं. जमिनीवर पाय ठेवला तरी मध्ये कापूस आहे असं वाटतं. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, कारण पाय कुठे आहेत हे पाय सांगत नाहीत आणि डोळे मिटलेले असतात. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ अंधारात नाटकाच्या थिएटरमधून बाहेर पडताना पायरीवर कोसळले होते, तोवर त्यांना आपल्याला काही झालंय याची कल्पना नव्हती. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही हे सगळं होऊ शकतं.

हिमोग्लोबिनवरून आठवलं. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि इथल्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या जीवघेण्या रक्तक्षयावर त्यांनी काम केलं. यीस्टच्या अर्काने त्या बायकांचं रक्त सुधारतं हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक अॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीची मुळं परळ-लालबागच्या त्या गिरणी कामगार बायकांपर्यंत जातात. पण चाळीसच्या दशकात हीच गोळी बी-१२ च्या कमतरतेवर दिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली: रक्त सुधारतं आणि नसा बिघडतच राहतात. रिपोर्ट छान दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. ऑपरेशननंतर वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि पुष्कळ बायकांना दिवस राहतात. निदान वर्ष-दीड वर्ष थांबा असं सांगितलेलं असतंच. नंतर दिवस राहिले तर फॉलिक अॅसिड हवंच, पण सोबत बी-१२ मोजलेलं हवं. आणि पहिल्या तीन महिन्यांत उलट्या सुरू झाल्या, तर 'दिवसांत होतातच' म्हणून सोडून देऊ नका. लहान केलेलं पोट आणि गरोदरपणाच्या उलट्या मिळून थायमिन फार लवकर संपतं.

तांब्याबद्दल कमी लोकांनी ऐकलंय. शरीराला तांबं अगदी थोडं लागतं, आणि ते जठरात व आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, म्हणजे बायपासमध्ये वगळल्या जाणाऱ्या भागात. ते संपलं की मणक्यातल्या मज्जारज्जूवर परिणाम होतो. पाय ताठरतात, चाल अडखळते, चित्र हुबेहूब बी-१२ सारखं. बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत, रिपोर्ट चांगला आहे, तरी चाल बिघडत चालली असेल तर तांबं तपासायला सांगा. इथे एक सापळा आहे. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांनी केस खूप गळतात. ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. पण बाई घाबरते, मैत्रिणीच्या सांगण्यावरून झिंकच्या गोळ्या सुरू करते, एकाच्या दोन घेते. झिंक जास्त झालं की आतडं तांबं आत घेऊ देत नाही. केसांसाठी घेतलेली गोळी पायांवर बेतते.

तशीच गोष्ट दुकानातून परस्पर घेतलेल्या 'नसांच्या गोळ्यां'ची. त्यांत बहुधा बी-सिक्स असतं. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम आणि वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-सिक्सच नसांना इजा करतं. तेव्हा कमी पडतंय म्हणून मनाने जास्त घेऊ नये. सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने लिहून दिलं आहे तेच, तेवढंच, पण रोज.

एक त्रास मात्र व्हिटॅमिन कमी नसतानाही होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीवरून पावलाची एक नस जाते. चरबी भराभर उतरली की तिच्यावरचं आवरण जातं. मग मांडी घालून पूजेला बसलं, उकिडवं बसून भांडी घासली किंवा पायावर पाय टाकून बसलं की ती हाडावर दाबली जाते आणि एक दिवस पाऊल लोंबतं. चप्पल फरफटते. हे बहुतेकदा काही आठवड्या-महिन्यांत सुधारतं. तोवर तसं बसणं टाळायचं आणि फिजिओथेरपिस्टकडून पावलासाठी स्प्लिंट घ्यायचं. पहिलं वर्षभर जेवायला खुर्ची-टेबल वापरलेलं बरं.

हे सगळं किती जणांना होतं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजनाचं ऑपरेशन झालेल्या ४३५ पैकी ७१ जणांना, म्हणजे १६ टक्क्यांना, नसांचा काही ना काही त्रास झाला. तुलनेसाठी पित्ताशय काढलेले पेशंट घेतले होते. त्यांत हे प्रमाण ३ टक्के. यात मनगटात नस दबण्यासारखे किरकोळ त्रासही धरलेले आहेत, आणि तेव्हाची काही ऑपरेशनं आता होत नाहीत. मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कुणाला त्रास झाला? ज्यांचं वजन फार वेगाने उतरलं, ज्यांच्या उलट्या-जुलाब लांबले, आणि जे नंतर आहाराच्या क्लिनिकला गेले नाहीत, त्यांना. शेवटचं कारण पूर्ण आपल्या हातातलं आहे.

हे वाचून कुणी ऑपरेशन रद्द करू नये. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांतले मृत्यू न झालेल्यांपेक्षा कमी निघाले आहेत. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं यांत किती फरक पडतो ते मी स्वतः पाहते. माझं म्हणणं एवढंच की ऑपरेशन एका दिवसात होतं आणि त्यामागून येणाऱ्या गोळ्या जन्मभराच्या असतात, हे सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं गेलं पाहिजे. ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब करताना दर महिन्याच्या गोळ्या आणि दर वर्षाच्या तपासण्या धरल्या नाहीत, तर दोन वर्षांनी त्यांवरच काटछाट होते.

गोळ्यांचं थोडक्यात. रोज निदान १२ मिलिग्रॅम थायमिन, शक्यतो ५० किंवा त्याहून जास्त असलेलं बी-कॉम्प्लेक्स. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. तांबं एक ते दोन मिलिग्रॅम, आणि सोबत लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. रक्त तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासायचं, पुढे दर वर्षी. नेमकी मात्रा तुमच्या ऑपरेशनप्रमाणे तुमचे डॉक्टर ठरवतील.

उपासाबद्दल मी स्पष्ट बोलते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात थायमिन नावापुरतं. दाण्याच्या कुटात थायमिन बऱ्यापैकी असतं, पण लहान पोटात खिचडीचे चार चमचे जातात, त्यात कूट किती येणार? पहिल्या वर्षी नवरात्राचे नऊ दिवस, निर्जळी एकादशी, श्रावणातले लागोपाठचे उपास धरू नयेत. एका आजींनी मला विचारलं, "देवीला काय सांगू?" मी म्हटलं, "आजी, यंदा घटाला माळ घाला, आरती करा. जेवण आणि गोळी चुकवू नका." त्यांनी ते ऐकलं.

माझ्या अशा प्रत्येक पेशंटला मी एक कार्ड लिहून देते. कुणीही घरी लिहू शकेल, त्याला डॉक्टरच हवा असं नाही. ऑपरेशनचं नाव आणि तारीख, सर्जनचा फोन. खाली ठळक अक्षरांत: 'मला उलट्या होत असतील किंवा मी शुद्धीवर नसेन, तर ग्लुकोज देण्याआधी शिरेतून थायमिन द्या.' त्याखाली बी-१२ च्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख, पेन्सिलने, म्हणजे दर महिन्याला बदलता येते. एक प्रत पाकिटात आधारकार्डामागे, दुसरी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये फोटो काढून. भान गेलेल्या माणसाला स्वतःचं ऑपरेशन आठवत नाही, म्हणून ही दुसरी प्रत.